धमनीतल्या मेलेल्या पेशी कोण उचलतं?

नागपुरातल्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील ५४ वर्षांचे, इतवारीत दुकान. फेब्रुवारीत टीएमटी, म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवून करायची हृदयाची चाचणी, केली, ती नॉर्मल आली. जूनमध्ये हार्ट अटॅक. अँजिओग्राफीनंतर डॉक्टर म्हणाले, "ब्लॉकेज आधी फार मोठं नसावं, पण ते फुटलं आणि त्यावर गुठळी झाली." स्टेंट टाकला, वडील घरी आले. मग मुलाने वाचायला घेतलं. धमनीतल्या मेदाच्या थरात रोगप्रतिकारक पेशी मरतात आणि त्यामुळे थर फुटायला येतो, असं त्याच्या वाचनात आलं. त्याला तीन गोष्टी हव्या आहेत. याच पेशी सूज निर्माण करतात म्हणतात, मग त्या मेल्या तर बरंच नाही का? बाबांची इम्युनिटी वाढावी म्हणून काढा, गुळवेल सुरू करायचं का? आणि पेशींचं हे मरणं थांबवणारं औषध निघालंय का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अचानक दगावलेल्या माणसाचं शवविच्छेदन झालं की पुष्कळदा त्याचं हृदय फॉर्मॅलिनच्या बरणीत आमच्यासारख्यांच्या टेबलावर येतं. हृदयाच्या धमन्या तीन-तीन, चार-चार मिलिमीटरवर आडव्या कापायच्या, चुना साचून कडक झाल्या असतील तर आधी आम्लात ठेवून मऊ करायच्या, मग त्यांच्या स्लाइड वाचायच्या, हे माझं वर्षानुवर्षांचं काम. म्हणून उत्तर धमनीच्या भिंतीपासून सुरू करतो. औषधांकडे येईनच, पण भिंतीत काय घडतं ते कळल्याशिवाय औषधांचा हिशेब लागत नाही.

आधी टीएमटीचं, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त दुखावलेली जागा तीच दिसते. चाचणी नॉर्मल आली म्हणजे कोणी चूक केली असं नाही. पट्ट्यावर चालताना हृदयाला रक्त कमी पडतं का, एवढंच टीएमटी सांगते. मेदाचा थर मात्र बराच काळ धमनीच्या आतल्या पोकळीत वाढत नाही, भिंतीला बाहेर ढकलत वाढतो. ग्लॅगॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये शवविच्छेदनातल्या धमन्या मोजून दाखवलं की थराने धमनीच्या क्षेत्रफळाचा साधारण ४० टक्के भाग व्यापेपर्यंत रक्ताची वाट फारशी अरुंद होत नाही. तोवर माणूस जिने चढतो, दुकानात पोती उचलतो, पट्ट्यावरही व्यवस्थित चालतो. थर किती मोठा आहे आणि तो फुटण्याच्या किती जवळ आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठं ब्लॉकेज निरुपद्रवी असतं असा याचा अर्थ कोणी काढू नये. पण छोटे थर संख्येने फार जास्त असतात, आणि फुटणारा थर कधीकधी त्यांच्यातलाच निघतो.

कुठला फुटणार हे ठरतं त्याच्या पोटात काय आहे यावरून. आणि पोटात जे असतं, त्यातला मोठा वाटा मेलेल्या पेशींचा असतो.

सुरुवात होते ती रक्तातल्या एलडीएल कोलेस्टेरॉलपासून. एलडीएलचे कण धमनीच्या अस्तराखाली शिरतात आणि तिथे अडकून बसतात. अडकलेल्या कणांत रासायनिक बदल होतात आणि शरीराला ते परके वाटू लागतात. मग वरचं अस्तर रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना थांबवून आत घेतं. आत आल्यावर त्यांचे मॅक्रोफेज होतात, म्हणजे गिळणाऱ्या पेशी. नको ते गिळून जागा साफ करणं हेच त्यांचं काम असतं. त्या एलडीएल गिळत सुटतात, आणि कोलेस्टेरॉल त्यांना मोडून संपवता येत नाही. ते साठवायचं किंवा बाहेर एचडीएलच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल परत वाहून नेणाऱ्या कणांच्या, हवाली करायचं, एवढंच त्यांच्या हातात असतं. आवक जावकीपेक्षा जास्त झाली की पेशी फुगते आणि तिच्यात थेंबच थेंब दिसू लागतात. आम्ही तिला फेसाळ पेशी म्हणतो. भिंतीतल्या स्नायूपेशींपैकी काही जणीही पुढे असंच रूप घेतात.

आता तुमचा पहिला प्रश्न. या फेसाळ पेशी मेल्या तर बरं का?

आजाराच्या सुरुवातीला, हो. इथे वाचणारे बहुतेक जण चकतात, कारण पेशीचं मरण म्हणजे नुकसान असं आपण धरूनच चालतो. निरोगी शरीरात दिवसाला सुमारे ३३ हजार कोटी पेशी बदलल्या जातात, त्यातल्या बहुतेक रक्तातल्या. आपल्याला काहीही जाणवत नाही, कारण बहुतेक पेशी ठरल्या पद्धतीने मरतात. या पद्धतीला अपॉप्टोसिस म्हणतात. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी तिचं नीट वर्णन केलं. पेशी आकसते, तिच्या केंद्रकाचे तुकडे होतात, पण बाहेरचं आवरण शाबूत राहतं. त्या आवरणावर 'मला उचला' अशी रासायनिक खूण येते. शेजारची मॅक्रोफेज ती ओळखते, पेशीला अख्खी गिळते, आणि गिळल्यावर सूज कमी करणारी रसायनं सोडते. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. नीट उचललेली मेलेली पेशी भोवतालची सूज शांत करून जाते. उंदरांवरच्या प्रयोगांत, आजाराच्या पहिल्या टप्प्यात मॅक्रोफेज जास्त मरतील अशी व्यवस्था केली तेव्हा धमनीतले थर लहान राहिले.

तोच प्रयोग पुढच्या टप्प्यातल्या आजारात केला की उत्तर उलटं येतं. मॅक्रोफेज जास्त मेल्या तर थराच्या पोटातला मेलेला गाभा वाढतो. कोलंबिया विद्यापीठातल्या आयरा टाबास यांनी २००५ मध्ये हे कोडं उलगडून मांडलं: मरण दोन्हीकडे सारखंच, फरक उचलण्यात आहे. कॉटन मार्केटात भाजीचा पाला रोज पडणारच. तो रोज उचलला गेला तर मार्केट चालतं, चार दिवस राहिला तर सडतो आणि मग त्याच्या शेजारी कोणाला उभं राहवत नाही. धमनीच्या थरात नेमकं हेच बिघडतं.

पुरावा हवा असेल तर माझ्या आवडीचा सांगतो. टॉन्सिलमध्ये बी पेशी नावाच्या रोगप्रतिकारक पेशी सतत तयार होतात आणि कामाच्या न ठरलेल्या पेशी तिथेच मरतात. स्लाइडवर जांभळ्या पेशींच्या गर्दीत मधेमधे फिकट, मोठ्या मॅक्रोफेज दिसतात आणि त्यांच्या पोटात मेलेल्या पेशींचे गडद कण. विद्यार्थ्यांना हे 'ताऱ्यांचं आकाश' म्हणून शिकवतात. तिथे बाहेर बेवारस पडलेली मेलेली पेशी शोधावी लागते. बेल्जियममधल्या संशोधकांनी २००५ मध्ये माणसाच्या मानेतल्या धमनीचे थर आणि टॉन्सिल यांची तुलना केली. गिळल्या गेलेल्या पेशींच्या मानाने न गिळता पडून राहिलेल्या पेशींचं प्रमाण धमनीच्या थरात सुमारे १९ पट निघालं. मला हा आकडा फार बोलका वाटतो. दोन्हीकडे गिळणारी पेशी तीच, मरण्याची पद्धत तीच. धमनीत मात्र उचलण्याचं काम कोलमडलेलं असतं.

ते का कोलमडतं याची एकापेक्षा जास्त कारणं सापडली आहेत. मेलेली पेशी ओळखायला मॅक्रोफेजच्या अंगावर 'मर्टीके' नावाचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे पकडणारा रेणू, असतो. सुजलेल्या जागी 'अ‍ॅडम-१७' नावाचं विकर (एन्झाइम) हा ग्राहकच कापून टाकतं. दुसरं, बिघडलेलं एलडीएल आणि मेलेली पेशी या दोन्हींना पकडायला काही ग्राहक सामाईक असतात. एलडीएलची गर्दी असली की मेलेल्या पेशीला जागाच मिळत नाही. तिसरं कारण २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने पुढे आणलं. जिवंत, निरोगी पेशींच्या अंगावर सीडी-४७ नावाचं प्रथिन असतं. मॅक्रोफेजला ते सांगतं, 'मला गिळू नको.' पेशी मरताना हे प्रथिन उतरायला हवं. धमनीच्या थरात सूज असल्यामुळे मरणाऱ्या पेशींवरही ते टिकून राहतं, उलट वाढतं. कर्करोगाच्या पेशी हीच युक्ती वापरून जगतात.

आणि मला सगळ्यात मूलभूत वाटणारं कारण म्हणजे उचलणारी स्वतःच आजारी असते. मेलेली पेशी गिळणं म्हणजे तिच्यातलं सगळं कोलेस्टेरॉलही पोटात घेणं. निरोगी मॅक्रोफेज ते पचवून पुढच्या पेशीकडे वळते, एकामागून एक गिळू शकते. आधीच कोलेस्टेरॉलने भरलेली पेशी दुसरीला गिळायला जाते आणि तिचा ताण घेऊन स्वतःच मरते. मग उचलायच्या पेशी दोन झाल्या आणि उचलणारी एक कमी झाली. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपल्याच वजनाने चालतं.

न उचललेली पेशी फार काळ शाबूत राहत नाही. तिचं आवरण फाटतं आणि आतला सगळा ऐवज सांडतो: प्रथिनं कापणारी विकरं, सूज भडकवणारे रेणू, डीएनएचे तुकडे, आणि टिश्यू फॅक्टर, जो रक्ताला लागला की गुठळी होते. जमलेल्या कोलेस्टेरॉलचे स्फटिक होतात. आमच्या स्लाइडवर हा गाभा गुलाबी, रवाळ दिसतो, त्यात एकही जिवंत केंद्रक नसतं आणि सगळीकडे सुईसारख्या अणकुचीदार पांढऱ्या फटी असतात. त्या फटींत स्फटिक होते. स्लाइड तयार करताना वापरलेल्या द्रावणांत चरबी विरघळून जाते आणि फक्त त्यांच्या जागा उरतात.

हे स्फटिक नुसते पडून राहत नाहीत. २०१० मध्ये दिसून आलं की मॅक्रोफेजने स्फटिक गिळला की तिच्या आतली 'एनएलआरपी-३ इन्फ्लमसोम' नावाची धोक्याची घंटा वाजते आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे सूज वाढवणारं द्रव्य तयार होऊन बाहेर पडतं. काही पेशी या घंटेने स्वतःला भोकं पाडून फुटतात. या मरणाला पायरोप्टोसिस म्हणतात. नेक्रोप्टोसिस आणि लोहामुळे होणारं फेरोप्टोसिस हेही प्रकार धमनीत दिसतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तर मरताना आपल्या डीएनएचं जाळंच बाहेर फेकतात, आणि त्यात गुठळी अडकून घट्ट होते. तुम्ही या नावांत अडकू नका. घरच्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की हे फुटून होणारं मरण आहे; त्याने सूज वाढते, तर अपॉप्टोसिस होऊन वेळेत उचलली गेलेली पेशी सूज घटवते.

कोलेस्टेरॉल दोषी की सूज, हा वाद आमच्या क्षेत्रात शंभर वर्षांवर चालला आहे. रशियातल्या अनिच्कोव यांनी १९१३ मध्ये सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून धमनीत थर तयार केले होते. अमेरिकेतल्या रसेल रॉस यांनी १९९९ मध्ये हा आजार सुजेचाच आहे असं ठासून लिहिलं. माझ्या मते मेलेल्या मॅक्रोफेजपाशी दोघांचंही म्हणणं एकत्र येतं. तिला मारतं कोलेस्टेरॉल, आणि ती न उचलल्याने पेटते ती सूज. व्हॉट्सअ‍ॅपवर 'कोलेस्टेरॉलचा काही संबंध नाही, सगळा दोष सुजेचा' असं सांगणारे व्हिडिओ फिरतात, ते पाहून कोणी गोळी बंद करतं तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

आता फुटणं. मेलेला गाभा आणि रक्त यांच्या मध्ये तंतूंची एक टोपी असते. ती कोलॅजनची बनलेली, आणि कोलॅजन बनवतात स्नायूपेशी. गाभ्यातून सांडणारी विकरं ही टोपी आतून कुरतडतात. टी पेशी या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेलं इंटरफेरॉन-गॅमा हे द्रव्य नवं कोलॅजन बनू देत नाही. स्नायूपेशीही तिथे मरतात, म्हणजे डागडुजी करणारेच उरत नाहीत. फुटलेले थर मोजले तेव्हा टोपीची जाडी बहुधा ६५ मायक्रॉनपेक्षा कमी भरली, म्हणजे मिलिमीटरच्या पंधराव्या भागाहूनही कमी. एवढ्या पातळ पडद्याच्या एका बाजूला धावतं रक्त आणि दुसऱ्या बाजूला टिश्यू फॅक्टरने भरलेला गाभा. रक्तदाब चढला, भांडण झालं, जबर ताप आला, किंवा काहीच झालं नाही, तरी पडदा फाटतो आणि काही मिनिटांत गुठळी होते.

प्रत्येक वेळी अटॅक येतोच असं नाही. अनेक धमन्यांत मला जुन्या फाटलेल्या जागा दिसतात, त्यावर नवा थर चढून भरून आलेल्या, एकावर एक. त्या माणसाला त्या दिवशी काही कळलंही नसेल. पुष्कळ ब्लॉकेज वाढतं ते असंच, फाटून आणि भरून. तुमच्या वडिलांच्या बाबतीत गुठळी मोठी झाली आणि वाट बंद पडली. ते वेळेत पोचले, वाट उघडली गेली, हे फार चांगलं झालं. स्टेंटने तेवढी जागा सांभाळली. बाकीच्या धमन्यांत असेच थर असू शकतात, हे धरून पुढचं सगळं करायचं आहे.

काढा आणि गुळवेल. तुमची काळजी कळते, कोविडपासून घरोघरी 'इम्युनिटी वाढवा' हेच ऐकू येतं. पण वर सांगितलेलं पुन्हा पाहा. धमनीत रोगप्रतिकारक पेशी कमी नाहीत, जास्तच आहेत. मधुमेह, लठ्ठपणा, अपुरी झोप यांत अस्थिमज्जेतून त्या आणखी सोडल्या जातात. वय वाढलं की काही जणांच्या अस्थिमज्जेत एखाद्या जनुकात बदल झालेल्या पेशींची वंशावळ पसरते, तिच्यापासून झालेल्या मॅक्रोफेज जास्त भडक असतात आणि हृदयविकाराचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. हे २०१७ मध्ये स्पष्ट झालं. ल्युपस या, शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजारात मेलेल्या पेशी उचलण्याचं काम शरीरभर बिघडतं, आणि त्या रुग्णांत, तरुण बायकांतसुद्धा, हृदयाच्या धमन्या लवकर खराब होतात. संख्या वाढवून इथे काही साधणार नाही. शिवाय स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात; त्यांच्याबरोबर कुठला अर्क कसा वागेल याची खात्री देता येत नाही. म्हणून काढ्याचं हृदयविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका, आणि त्या दोन गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका.

संसर्गापासून वाचवायचंच असेल तर त्यांना फ्लूची लस द्या. २०१८ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात फ्लू झाल्याचं निदान झाल्यापासून सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे सहा पट दिसला. ताप आला की सगळ्या शरीरातली सूज चढते, रक्त गोठण्याकडे झुकतं, आणि पातळ टोपी नेमकी त्या आठवड्यात फाटते. अटॅकनंतर लस दिलेल्या रुग्णांत पुढचे धोके कमी झाल्याचंही २०२१ च्या चाचणीत दिसलं. आपल्याकडे ही लस हृदयरोग्यांना फार कमी दिली जाते, म्हणून मुद्दाम लिहितो.

मरण थांबवणारं औषध? नेमकं तसं औषध आज दुकानात मिळत नाही. आणि मिळालं तरी ते हवंय का, हा प्रश्न उरतोच, कारण मरण थांबवलेली फेसाळ पेशी धमनीतच बसून राहील. शोध आता उचलणं सुधारण्याकडे वळला आहे. सीडी-४७ ला अडवणारी प्रतिपिंडं उंदरांना दिली तेव्हा मेलेल्या पेशी गिळल्या जाऊ लागल्या आणि थर लहान झाले. पण म्हाताऱ्या लाल पेशींवरचंही संरक्षण गेलं आणि रक्तक्षय झाला. म्हणून औषध फक्त थरातल्या मॅक्रोफेजपर्यंत पोचवणारे अतिसूक्ष्म कण बनवले गेले; त्यांनी उंदरांत रक्तक्षय न होता काम झालं. याच जातीचं औषध कर्करोगासाठी घेतलेल्या काही रुग्णांच्या मानेतल्या धमन्यांची सूज स्कॅनवर कमी दिसली. आशा धरण्यासारखं आहे, पण वडिलांसाठी थांबून राहण्यासारखं नाही.

सूज रोखणारी औषधं माणसांवर पारखली गेली आहेत. २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनची चाचणी झाली, १०,०६१ रुग्णांवर. ते फक्त इंटरल्युकिन-१ बीटाला अडवतं, एलडीएलला हातही लावत नाही. तीन महिन्यांतून एकदा १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे सुजेची वाट खरी आहे हे माणसांत सिद्ध झालं. पण संसर्गाने दगावणारेही थोडे वाढले, इंजेक्शन अतिशय महाग, आणि हृदयासाठी त्याला मान्यता मिळाली नाही. रोगप्रतिकारशक्तीला हात घालताना किती किंमत मोजावी लागते ते यातून दिसतं.

कोल्चिसिन ही गाऊटवरची जुनी, स्वस्त गोळी. ती याच इन्फ्लमसोमच्या वाटेत अडथळा आणते. २०२० मध्ये ५,५२२ स्थिर हृदयरोग्यांत रोज अर्ध्या मिलिग्रॅमने धोके ३१ टक्क्यांनी घटले. २०२४ मध्ये मात्र अटॅकनंतर लगेच सुरू केलेल्या ७,०६२ रुग्णांच्या चाचणीत फरक पडला नाही. त्यामुळे ती सरसकट द्यावी असं मी म्हणणार नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोलायचा विषय आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर ती धोक्याची ठरते, क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर तर फारच. घरात कोणाची गाऊटसाठी आणलेली पडली असेल तर ती उचलून वडिलांना देऊ नका.

मग आज हातात काय आहे? आवक तोडणं. मॅक्रोफेज मरते ती कोलेस्टेरॉलच्या ओझ्याने, तर ओझंच कमी करायचं. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या हे त्याचं मुख्य हत्यार आहे. एलडीएल ३९ मिलिग्रॅमने कमी झालं की हार्ट अटॅक आणि पक्षाघातासारख्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने घटतात, हे लाखाहून जास्त रुग्णांच्या आकड्यांतून ठरलेलं आहे. धमनीच्या आत कॅमेरा घालून केलेल्या अभ्यासांत एलडीएल खूप खाली नेल्यावर टोपी जाड होताना प्रत्यक्ष दिसली आहे. थर नाहीसा होत नाही, अँजिओग्राफीत फारसा फरकही दिसत नाही, पण पोटातला मऊ भाग कमी होतो आणि टोपी घट्ट होते. मला विचाराल तर अटॅक टळतो तो इथे. वडिलांचं एलडीएल ५५ च्या खाली हवं. नुसत्या स्टॅटिनने तिथे पोचलं नाही तर एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडतात, त्यापुढे इंजेक्शनं आहेत. 'रिपोर्ट नॉर्मल रेंजमध्ये आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. लॅबच्या कागदावरची रेंज अटॅक येऊन गेलेल्या माणसासाठी नसते.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं चघळायचं मिश्रण. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण नागपुरात ५४ वर्षांच्या दुकानदाराबद्दल हा प्रश्न विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सिगारेट सोडली म्हणून खर्रा चालतो, असा समज आपल्याकडे पक्का आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात फक्त चघळायची तंबाखू घेणाऱ्यांतही हार्ट अटॅकची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. प्रत्येक पुडीबरोबर रक्तदाब आणि ठोके वाढतात, म्हणजे त्या पातळ टोपीवर दिवसभर थोडा थोडा मार. वडील खात असतील तर आत्ता, अटॅकनंतरच्या पहिल्या महिन्यांतच सोडवा. भीती ताजी असताना सुटण्याची शक्यता जास्त असते, आणि दुकानात कोणी पुडी पुढे केली की नाही म्हणायला त्यांच्याबरोबर घरातलं कोणी असावं.

साखरेचंही पाहा. मधुमेहात मॅक्रोफेज जास्त मरतात आणि कमी उचलतात. दोन्ही बाजूंनी तोटा. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, केली नसेल तर करून घ्या. चालण्याचं डॉक्टर सांगतील तसं सुरू करा. उन्हाळ्यात अंबाझरीला किंवा घराजवळच्या मैदानात सकाळी सहाला जावं, दहाला नव्हे. सावजी रस्सा, तर्री यांवर तुम्ही मुद्दाम काही विचारलेलं नाही. एवढंच सांगतो की मिठाने रक्तदाब चढतो आणि तेलाच्या तवंगाखालचं मटण रोज खाण्यासारखं नाही. सणावाराला कोणी दोन घास खाल्ले तर त्याच्यावर घरात भांडण करू नका.

शेवटी तुमच्याबद्दल. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा लवकर येतो. इंटरहार्टमध्येच आपलं मधलं वय ५३ निघालं, बाकीच्या जगाचं ५९. वडिलांना ५५ च्या आत अटॅक आला की मुलाचा धोका वाढलेला धरतात. तुम्ही लिपिड प्रोफाइल, साखर, रक्तदाब बघून घ्या, आणि लायपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्याच कणाची तपासणी एकदा करा. ते प्रमाण जन्मापासून जनुकांनी ठरलेलं असतं, पथ्याने फारसं बदलत नाही, त्यामुळे बहुतेकांना आयुष्यात एकदाच पुरते. आपल्या भागातल्या साधारण चौघांत एकाला ते जास्त असतं. जास्त निघालं तर घाबरून जायचं नाही. एलडीएल आणखी खाली ठेवायचं. भाऊ-बहीण असतील तर त्यांचीही करा. वडिलांच्या पुढच्या भेटीला जाताना त्यांचा ताजा एलडीएलचा आकडा बरोबर न्या आणि डॉक्टरांना थेट विचारा, "हा ५५ च्या खाली आणायला आता काय बदलायचं?"